जिमी हिल: जिंकल्यावर तीन पॉइंट का मिळतात आणि फुटबॉलरच्या पगाराचं कुलूप कोणी तोडलं

मुंबई सिटी असो, एफसी गोवा असो नाहीतर रात्री डोळे ताणून बघितलेली प्रीमियर लीग असो, जिंकलं की तीन पॉइंट आणि ड्रॉला एक, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की हे कधी कोणी ठरवलं असेल असं डोक्यातसुद्धा येत नाही. पण १९८१ पर्यंत जगातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या लीगमध्ये जिंकल्यावर दोनच मिळायचे. तो तिसरा पॉइंट आला तो मुख्यतः एका माणसाने डोकं खाल्लं म्हणून, त्याचं नाव जिमी हिल. हा आधी प्लेयर, मग युनियनचा पुढारी, मग मॅनेजर, मग टीव्हीवरचा चेहरा, मग क्लबचा चेअरमन, आणि गंमत अशी की इंग्लंडमधल्या एका अख्ख्या पिढीला तो आठवतो तो फक्त त्याच्या लांबलचक हनुवटीसाठी. शाळेतली पोरं समोरचा थापा मारतोय असं वाटलं की हनुवटी खाजवत "जिमी हिल, जिमी हिल" करायची.

मला विचाराल तर खेळाडू म्हणून तो ठीकठाकच होता. पण मैदानावर बावीस जण जे काय करतात ते बऱ्याचदा मैदानाबाहेर कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं, आणि तिथे ठरवलेलं तिथेच बदलताही येतं, हे त्याला इतरांच्या खूप आधी कळलं. त्याची सगळी करिअर म्हणजे हेच.

१९२८ मध्ये दक्षिण लंडनच्या बॅलममध्ये जन्म, साधं कामकरी घर. १९४९ ला ब्रेंटफर्ड, १९५२ ला फुलहॅम, आणि फुलहॅमसाठी जवळपास तीनशे मॅच. इंग्लंडच्या टीममध्ये कधीच आला नाही. १९५८ मध्ये डॉनकॅस्टरला जाऊन एका मॅचमध्ये पाच गोल मारले आणि १९५९ ला फुलहॅम फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, चढलं त्या टीममध्ये होता, सांगण्यासारखं एवढंच. दाढी ठेवायचा, त्या काळातल्या फुटबॉलरमध्ये तेही वेगळंच होतं.

खरी गोष्ट सुरू होते १९५७ ला, तो प्लेयर्सच्या युनियनचा चेअरमन झाला तेव्हा. आता ही तेव्हाची सिस्टिम नीट समजून घ्या, कारण आजच्या पैशाच्या पुरात हे खरंच वाटत नाही. इंग्लंडमध्ये १९०१ पासून मॅक्झिमम वेज नावाचा नियम होता, म्हणजे फुटबॉलरला आठवड्याला अमुक एका रकमेपेक्षा जास्त पगार द्यायचाच नाही. सुरुवातीला ती मर्यादा ४ पौंड होती, वाढत वाढत १९५८ ला २० पौंडांवर आली, आणि उन्हाळ्यात सीझन नसताना १७. स्टेडियममध्ये चाळीस हजार माणसं तिकीट काढून कोणाला बघायला आलीत याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही, इंग्लंडचा कॅप्टन असो नाहीतर काल टीममध्ये आलेला पोरगा, वरची टोपी दोघांना तीच. टॉम फिनी हा त्या काळातला जगातल्या भारी विंगर्सपैकी एक, पण तो प्लंबिंगचा धंदा पण करायचा, हौस म्हणून नाही, पोटासाठी. १९५२ ला इटलीच्या पालेर्मोने त्याला नुसतं सही करायचे १०,००० पौंड देऊ केले होते. त्याचा क्लब प्रेस्टन म्हणाला, नाही. विषय संपला.

विषय संपला का, तर दुसरा नियम. त्याला रिटेन अँड ट्रान्सफर म्हणायचे. तुमचा कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचा. वर्ष संपलं की तुम्ही मोकळे असं वाटेल, पण नाही, तुमचं रजिस्ट्रेशन क्लबकडेच राहणार, क्लबने ठरवलं तर तुम्हाला ठेवून घेणार, आणि तुम्ही नवीन कॉन्ट्रॅक्टवर सही केली नाही तर पगारही नाही आणि दुसऱ्या कोणाकडे खेळायची परवानगीही नाही. म्हणजे नोकरी संपली तरी मालक संपत नाही. हे दोन्ही नियम एकत्र बघितले तरच खरी मेख कळते. पगाराला टोपी असल्यामुळे क्लबला प्लेयर स्वस्तात मिळतो, आणि रिटेनमुळे तो जास्त पैशासाठी कुठे पळूही शकत नाही. छोटे क्लब म्हणायचे की हे नसेल तर सगळे चांगले प्लेयर श्रीमंत क्लब घेऊन जातील आणि आम्ही बुडू. आता आजची प्रीमियर लीग बघितली तर ती भीती अगदीच फालतू नव्हती हे मान्य करावं लागतं, पण त्या भीतीची किंमत फक्त प्लेयरनीच का मोजायची, हा हिलचा प्रश्न होता.

हिलने आधी युनियनचं नाव बदलून प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन केलं, म्हणजे आम्ही कोणी गडीमाणसं नाही, प्रोफेशनल आहोत. बोलायला पक्का, पेपरवाल्यांना काय हवं असतं ते बरोबर कळायचं. पडद्यामागे सेक्रेटरी क्लिफ लॉइड हा शांत, अभ्यासू माणूस, त्याला अर्धं श्रेय द्यायलाच हवं, पण कॅमेऱ्यापुढे हिल. लीगचे लोक काही ऐकेनात तेव्हा १९६० च्या शेवटाला स्ट्राइकसाठी मीटिंगा झाल्या. मँचेस्टरच्या मीटिंगचा एक किस्सा फार सांगितला जातो. एक तरुण प्लेयर उठून म्हणाला की माझा बाप खाणीत काम करतो, त्याला याहून कमी मिळतात, मग आपण स्ट्राइक कशाला करायचा. त्यावर बोल्टनचा डिफेंडर टॉमी बँक्स उठला आणि म्हणाला की तुझ्या बापाला मान आहे, खाणीतलं काम मी पण केलंय, पण शनिवारी तीस हजार लोकांसमोर स्टॅनली मॅथ्यूजला अडवायला सांग त्याला. मॅथ्यूज तिथेच हॉलमध्ये बसलेला! त्यानंतर वादच उरला नाही.

स्ट्राइकची तारीख ठरली २१ जानेवारी १९६१, शनिवार. तीन दिवस आधी लीगने मान टाकली आणि साठ वर्षांची टोपी गेली. आता सगळ्यात भारी भाग. फुलहॅमचा चेअरमन टॉमी ट्रिंडर हा धंद्याने कॉमेडियन, तो आधी छातीठोकपणे म्हणून बसला होता की नियम नसता तर मी माझ्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले असते. नियम गेला. मग काय, द्यावे लागले, आणि हेन्स झाला इंग्लंडचा पहिला शंभर पौंडवाला फुटबॉलर. हेन्स हा हिलचाच टीममेट. आणि हिल स्वतः? त्याचा गुडघा गेला आणि त्याच वर्षी त्याचं खेळणं बंद झालं. ज्याने कुलूप तोडलं त्याच्या हाताला तिजोरीतलं जवळजवळ काहीच लागलं नाही.

रिटेनचा नियम मात्र लगेच गेला नाही. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या प्लेयरला न्यूकॅसल सोडायचं होतं, क्लब सोडेना, तेव्हा त्याने १९६० ला सरळ खेळणंच थांबवलं आणि एर्नी क्ले नावाच्या ओळखीच्या माणसाकडे कॉर्क विकायची नोकरी धरली (हे क्ले नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल). शेवटी न्यूकॅसलने त्याला आर्सेनलला विकलं, पण केस कोर्टात चालूच राहिली, युनियनने खर्च उचलला, आणि १९६३ ला जस्टिस विल्बरफोर्सनी निकाल दिला की माणसाच्या धंद्यावर अशी बंदी घालणं गैरवाजवी आहे. पूर्ण मोकळीक, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपला की फुकटात दुसऱ्या क्लबला जाता येणं, हे यायला १९९५ चा बॉसमन निकाल यावा लागला, पण भिंतीला पहिलं भोक इथे पडलं.

तोपर्यंत हिल मॅनेजर झाला होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये थर्ड डिव्हिजनमधलं कॉव्हेंट्री सिटी एफए कपमध्ये स्वतःच्या ग्राउंडवर किंग्ज लिन नावाच्या नॉन-लीग, म्हणजे लीगच्या चार डिव्हिजनच्याही खालच्या, टीमकडून हरलं, मॅनेजरची गच्छंती झाली, आणि चेअरमन डेरिक रॉबिन्सने हिलला आणलं. पहिल्यांदा त्याने कपडे बदलले, म्हणजे टीमचा रंग पूर्ण आकाशी केला आणि टीमचं नाव पडलं स्काय ब्लूज. क्लबचं गाणं लिहिलं गेलं. बाहेरगावच्या मॅचला फॅनसाठी स्काय ब्लू स्पेशल ट्रेन. लहान पोरांना मॅचनंतर थांबवून सरबत आणि चिप्स, आणि प्लेयरच्या सह्या. १९६५ ला तर कार्डिफला चाललेली मॅच क्लोज सर्किटवरून कॉव्हेंट्रीच्या ग्राउंडवर मोठ्या पडद्यांवर दाखवली आणि ती बघायला दहा हजारांवर लोक आले. टीम तिकडे वेल्समध्ये आणि लोक इकडे रिकाम्या मैदानाकडे तोंड करून ओरडतायत! आजच्या फॅन पार्कचा पणजोबाच म्हणा. तेव्हाच्या बऱ्याच क्लबना वाटायचं की लोक येतातच, गेट उघडलं की झालं, आणि हा म्हणत होता की लोकांना यावंसं वाटलं पाहिजे.

आणि हे नुसतं नाटक नव्हतं हा, टीम खेळतही होती. १९६४ ला थर्ड डिव्हिजन जिंकली, १९६७ ला सेकंड, आणि कॉव्हेंट्री इतिहासात पहिल्यांदा फर्स्ट डिव्हिजनमध्ये. त्या सीझनच्या शेवटी वूल्व्हजविरुद्धच्या मॅचला ५१,४५५ माणसं होती, त्या ग्राउंडचा रेकॉर्ड. एकदा वर गेले ते पुढची ३४ वर्षं वरच राहिले. आणि हिल? फर्स्ट डिव्हिजनची पहिली मॅच व्हायच्या आतच सोडून टीव्हीत गेला. हे मला आजही पटत नाही. एवढं चढवायचं आणि शिखर आलं की उतरायचं! पण त्याचं गणित बहुतेक असं असावं की मॅनेजरची खुर्ची कधीही जाते, आणि फुटबॉलची पुढची खरी सत्ता कॅमेऱ्याकडे जाणार आहे. पुढे झालंही तसंच.

१९६८ ला तो आयटीव्ही या चॅनेलच्या लंडनमधल्या कंपनीचा, लंडन वीकेंड टेलिव्हिजनचा, स्पोर्ट्स हेड झाला. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपला आयटीव्हीने एक प्रकार केला जो आज आपल्याला हवेसारखा वाटतो: स्टुडिओत चार-पाच फुटबॉलवाले बसवले आणि त्यांना भांडायला लावलं. माल्कम ॲलिसन, डेरेक डूगन, पॅडी क्रेरँड, बॉब मॅकनॅब, सगळे एकापेक्षा एक तोंडाळ, रंगीत कपडे, आणि बिनधास्त मतं. त्याआधी टीव्हीवरची फुटबॉलची चर्चा म्हणजे सभ्य माणसाने सभ्य सुरात सांगितलेला रिपोर्ट. आपल्याकडे आयपीएलच्या आधी माजी क्रिकेटर बसून एकमेकांचे पाय ओढतात ना, त्या सगळ्या प्रकाराची वंशावळ काढली तर त्या पॅनेलपर्यंत जाते. बीबीसीला असा घाम फुटला की १९७३ ला त्यांनी हिललाच उचलून आणलं आणि मॅच ऑफ द डे या त्यांच्या फुटबॉलच्या कार्यक्रमावर बसवलं. तिथे तो अँकर पण आणि एक्स्पर्ट पण. स्लो मोशनमध्ये हालचाल थांबवून डिफेंडर कुठे उभा राहायला हवा होता ते साध्या प्रेक्षकाला दाखवणं, हे त्याने लोकांच्या अंगवळणी पाडलं.

मतं मात्र अशी द्यायचा की समोरचा पेटलाच पाहिजे. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड नेरीने ब्राझीलला लांबून सणसणीत गोल मारला, अख्खा स्कॉटलंड नाचतोय, आणि हा टीव्हीवर म्हणतो की टो-पोक होता, म्हणजे बुटाच्या टोकाने ढोसलेला. मॅच स्कॉटलंड ४-१ हरलं, पण चार गोल विसरले लोक, हिलला नाही विसरले. पुढे कित्येक वर्षं स्कॉटलंडच्या मॅचना त्याच्या नावाने शिव्यांची गाणी चालायची, आणि मला वाटतं त्याला ते आवडायचं.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर १९७२, आर्सेनलच्या हायबरी ग्राउंडवर आर्सेनल-लिव्हरपूल, आणि लाइन्समनचा स्नायू ओढला गेला. बदली माणूस नाही, मॅच थांबायची वेळ. लाउडस्पीकरवरून विचारलं, प्रेक्षकांत कोणी क्वालिफाइड रेफ्री आहे का? स्टँडमधून जिमी हिल उतरला, त्याच्याकडे रेफ्रीचं सर्टिफिकेट होतं, ट्रॅकसूट चढवला आणि झेंडा घेऊन लाइनवर उभा. मॅच ०-० झाली, त्याचं काम चोख झालं. आता सांगा, टीव्हीवरचा किती मोठा एक्स्पर्ट रेफ्रीची परीक्षा देऊन बसलेला असतो?

आता तो तिसरा पॉइंट. दोन पॉइंटच्या हिशोबात एक विजय म्हणजे दोन ड्रॉ. एक मॅच जिंकून एक हरलात तर दोन, दोन्ही ड्रॉ केल्या तरी दोन. म्हणजे बाहेरगावी गेलेल्या टीमने दहा माणसं गोलसमोर उभी करून ०-० काढलं तरी तो फायद्याचा धंदा. आता समजा १-१ चालू आहे, वीस मिनिटं उरलीत, आणि मॅनेजरसमोर दोनच रस्ते: गप्प बसा आणि एक पॉइंट घ्या, नाहीतर एक जास्तीचा फॉरवर्ड घालून जुगार खेळा, जिंकलो तर जिंकलो नाहीतर हरलो. दोन पॉइंटच्या जमान्यात हा जुगार परवडायचा तो जिंकायचा चान्स अर्ध्याहून जास्त असेल तरच. विजयाला तीन केले की चान्स एक तृतीयांशाच्या वर असला तरी जुगार परवडतो. बस, एवढंच गणित, पण डगआउटमधल्या माणसाचं डोकं याने बदलतं. टीव्हीच्या कंटाळवाण्या शनिवारांमुळे आणि घटत्या गर्दीमुळे हैराण झालेल्या लीगला हिलने हे पटवलं आणि १९८१-८२ च्या सीझनपासून इंग्लंडमध्ये तीन पॉइंट सुरू झाले. बाकीचं बरंचसं जग बघत बसलं होतं. १९९४ च्या वर्ल्ड कपला फिफाने हे घेतलं आणि मग सगळीकडे पसरलं.

याने खेळ खरंच आक्रमक झाला का, यावर अर्थशास्त्रवाले अजून भांडतात. कारण एक उलटी बाजू पण आहे, १-० ने पुढे असलेल्या टीमकडे आता गमवायला जास्त आहे, मग ती मागे सरकून फाउल करत वेळ काढते. स्पेनच्या लीगवरच्या अभ्यासात असं काहीसं दिसलं होतं. मला तरी वाटतं की तळातल्या टीमने शेवटच्या दहा मिनिटांत जिवावर उदार होऊन वर चढणं हे जे आपण बघतो, त्यात या पॉइंटचा हात आहे.

पण हाच अटॅकिंग फुटबॉलचा प्रवचनकार १९७७ ला काय करून बसला ते ऐका. तेव्हा तो कॉव्हेंट्रीला मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून परतला होता (टीव्ही चालूच, हितसंबंध वगैरे कोणी विचारलं नाही). सीझनची शेवटची रात्र, खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले जाणाऱ्यांत एकच जागा रिकामी, आणि कॉव्हेंट्री, ब्रिस्टल सिटी, संडरलंड या तिघांपैकी एकजण जाणार. कॉव्हेंट्री आणि ब्रिस्टल सिटी एकमेकांशीच खेळत होते, संडरलंड तिकडे एव्हर्टनकडे. बाहेर गर्दी आहे म्हणून कॉव्हेंट्रीची मॅच उशिरा सुरू झाली, त्यामुळे तिकडची आधी संपली. स्कोअर २-२ असताना निरोप आला की संडरलंड २-० हरलं, म्हणजे इथे ड्रॉ झाला तर दोघंही वाचतात. हिलने तो रिझल्ट स्कोअरबोर्डवर झळकवायला लावला. मग काय, उरलेली मिनिटं दोन्ही टीम आपापल्या हाफमध्ये बॉल टोलवत बसल्या, कोणी कोणाच्या अंगावर जाईना, आणि संडरलंड खाली. अधिकाऱ्यांनी हिलला समज दिली आणि प्रकरण मिटलं, म्हणजे कागदावर. २००८ ला फुलहॅमच्या ग्राउंडवर संडरलंडचे फॅन त्याला बघून असे खवळले की पोलिसांना मध्ये पडावं लागलं, तेव्हा तो ऐंशीला टेकला होता.

त्याच्या बाकीच्या खटपटी सगळ्याच सोनं नव्हत्या. १९८१ ला कॉव्हेंट्रीचं ग्राउंड इंग्लंडमधलं पहिलं सगळं खुर्च्यांचं स्टेडियम केलं, दंगेखोर कमी होतील म्हणून, पण उभं राहून बघणाऱ्या पब्लिकला ते रुचलं नाही. स्पॉन्सर असलेल्या टॅल्बट या कार कंपनीचं नाव क्लबलाच द्यायचं होतं, कॉव्हेंट्री टॅल्बट, ते फेटाळलं गेलं तर शर्टच्या डिझाइनमध्येच भला मोठा टी बसवला. अमेरिकेतल्या डेट्रॉइट एक्सप्रेसमध्ये घातलेले पैसे बुडाले. आणि १९८२ ला वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत बहिष्कार मोडून बंडखोर टूर घेऊन गेला, तिथल्या काळ्या क्लबनी खेळायला नकार दिला आणि टूर अर्धवट गुंडाळावी लागली. याचं समर्थन मी करणार नाही. जो माणूस प्लेयरच्या हक्कासाठी उभा राहिला त्याला तिथे कोणाचे हक्क चिरडले जातायत ते दिसायला हवं होतं.

१९८७ ला मात्र तो त्याच्या जुन्या फुलहॅमच्या कामी आला. क्लबचा आधीचा चेअरमन होता एर्नी क्ले, हो तोच, ईस्टहॅमला कॉर्क विकायला ठेवणारा. त्याने क्लब मार्लर इस्टेट्स नावाच्या प्रॉपर्टीवाल्यांना विकला, आणि त्यांच्या मनात आलं की फुलहॅम आणि क्वीन्स पार्क रेंजर्स एकत्र करून टाकू, म्हणजे फुलहॅमचं थेम्सकाठचं ग्राउंड, क्रेव्हन कॉटेज, त्याची जागा इमारतींना मोकळी. एका ग्राउंडचा सौदा म्हणून शंभर वर्षांचा क्लब गायब! फॅन रस्त्यावर आले, हिलने पैसेवाले जमवले आणि स्वतः चेअरमन झाला. जागा तरीही बिल्डरकडेच राहिली, त्यामुळे पुढची दहा वर्षं भाडेकरूसारखी गेली आणि क्लब घसरत चौथ्या पातळीपर्यंत आला. १९९७ ला मोहम्मद अल फायेदने क्लब घेतला तेव्हा हिल बाजूला झाला.

टीव्ही तो त्यानंतरही बरीच वर्षं करत राहिला, आधी बीबीसी मग स्काय. २००८ ला अल्झायमर्सचं निदान झालं, २०११ ला कॉव्हेंट्रीने स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा बसवला, डिसेंबर २०१५ मध्ये ८७ व्या वर्षी गेला. पण मला जास्त कुतूहल आहे ते २००१ च्या उन्हाळ्याचं. त्याच सीझनला फुलहॅम प्रीमियर लीगमध्ये चढलं आणि त्याच सीझनला कॉव्हेंट्री ३४ वर्षांनी वरून खाली पडलं, एकाच पॉइंट्स सिस्टिमने, त्याच्याच. दोन्ही क्लबच्या लोकांचे फोन त्याला आले असणार, आणि कोणाचा आधी उचलला असेल देव जाणे.